साठीची कॅरेरा आणि त्रेचाळिशीतला बोनस

प्रश्न थोडक्यात असा: "वय ४३. पिंपरीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मॅनेजर. हातात येणारा पगार महिना १ लाख ६५ हजार. यंदा कर कापून साडेनऊ लाख बोनस आला. टॅग ह्यूअर कॅरेराची २०२३ सालची साठाव्या वर्षाची लिमिटेड एडिशन, जगात फक्त ६०० नग, मुंबईतला एक सेकंडहँड घड्याळांचा विक्रेता ७ लाख ६० हजारांना देतोय. बॉक्स-पेपर सगळं आहे. मी ४० हजार टोकन दिलंय. मित्र म्हणतो, ही गुंतवणूक आहे. बायको म्हणते, वेड लागलंय. घेऊ का?"

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा आकडे वाचले, दुसऱ्यांदा घड्याळाचं वर्णन. घरच्या पैशांना तुम्ही सहा ओळी दिल्यात आणि डायलला दीड पान. पहिल्या नोकरीत कारखान्यात आलेल्या जर्मन इंजिनिअरच्या मनगटावर जुनी ह्यूअर पाहिली, तो मशीनचा सायकल टाइम त्या घड्याळावर मोजायचा, बटण दाबल्याचा 'टक्' अजून कानात आहे, हे सगळं वाचताना मजा आली. आणि मित्राचा 'गुंतवणूक' हा शब्द तुम्हाला इतका का आवडला, तेही समजलं. त्या शब्दामुळे ते दीड पान आपोआप सहा ओळींच्या हिशेबात जाऊन बसतं.

मित्र चुकतोय, हे आधी सांगून टाकतो. वहिनींचं काय, ते नंतर.

घड्याळांतलं मला तुमच्याइतकं कळत नाही, पण कॅरेरा एखाद्याला का आवडावी हे कळतं. १९६२ साली फ्लोरिडात सेब्रिंगच्या बारा तासांच्या शर्यतीला गेलेल्या जॅक ह्यूअर या तरुण स्विस कारखानदाराच्या कानावर 'कॅरेरा पानामेरिकाना' हे नाव पडलं. मेक्सिकोच्या रस्त्यांवर १९५० ते १९५४ अशी पाचच वर्षं चाललेली ती जीवघेणी शर्यत. सांगणारे होते शर्यतपटू रॉड्रिगेझ बंधूंचे आईवडील. नाव त्याच्या डोक्यात बसलं आणि १९६३ मध्ये त्या नावाचं घड्याळ बाजारात आलं. काच घट्ट राहावी, पाणी शिरू नये म्हणून आत जे कडं बसवलेलं असतं, त्याच कड्यावर त्यानं सेकंदाच्या पाचव्या भागाच्या खुणा छापल्या. त्यामुळे तबकडीवरची गर्दी गेली. गाडी चालवताना एका नजरेत वाचता यावं, एवढाच हेतू. तुम्ही सुटे भाग बनवणारे आहात. एका भागाकडून दोन कामं करून घेतली की तुम्हाला आनंद होणारच.

पण तुम्हाला मिळणार आहे ते हे घड्याळ नव्हे. १९६० च्या दशकातलं २४४७ एसएन हे मॉडेल, म्हणजे चंदेरी तबकडी आणि काळ्या उपतबकड्या, ज्याला शौकीन 'पांडा' म्हणतात, ते ३६ मिलिमीटरचं होतं, चावी द्यायचं होतं, आणि आत वालजू ७२ हे यंत्र होतं. २०२३ ची साठीची आवृत्ती त्याच चेहऱ्याची, पण ३९ मिलिमीटरची, हात हलला की आपोआप चावी बसणारी, ८० तास चालणाऱ्या ह्यूअर ०२ यंत्राची. घड्याळ म्हणून ती सरसच आहे. फक्त तिची किंमत ज्या आठवणीवर उभी आहे ती आठवण दुसऱ्या घड्याळाची आहे. आजोबांसारखा दिसणारा नातू म्हणा हवं तर. नातू गुणी असला तरी आजोबांचं पेन्शन काही त्याला लागू होत नाही.

आता 'फक्त ६०० नग' याचा हिशेब करू, कारण मित्राचा सगळा युक्तिवाद त्यावर आहे.

जुनी कॅरेरा आज महाग का आहे? ती कमी बनवली म्हणून नव्हे. ती लोकांनी वापरली म्हणून. ऑइल लागलेल्या हातांनी बटणं दाबली, पट्टे बदलले, केसला, म्हणजे धातूच्या कवचाला, पॉलिश मारून मारून कडा घालवल्या, बंद पडली तेव्हा ड्रॉवरमध्ये टाकली. मग बॅटरीवर चालणारी क्वार्ट्झ घड्याळं आली आणि चावीच्या घड्याळांना कुणी विचारेना. खुद्द जॅक ह्यूअरच्या हातून घराण्याची कंपनी १९८२ मध्ये गेली. १९८५ मध्ये टॅग या उद्योगसमूहानं ती घेतली, १९९९ मध्ये ती एलव्हीएमएच या चैनीच्या वस्तूंच्या फ्रेंच समूहाकडे गेली. या सगळ्या पडझडीत मूळ तबकडी, मूळ काटे, न घासलेली केस अशी जी थोडी घड्याळं टिकली, त्यांना आज भाव आहे. कुणीही ती भाव येईल म्हणून जपलेली नव्हती.

२०२३ ची ६०० घड्याळं मात्र पहिल्या दिवसापासून दुर्मीळ म्हणूनच विकली गेली. ती घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी बॉक्स, कार्ड, पट्ट्यावरचं प्लास्टिक, सगळं कपाटात ठेवलं असणार. तीस वर्षांनी त्यातली जवळजवळ सहाशेच्या सहाशे चकाचक अवस्थेत असतील. सगळेच जपतात तेव्हा जपण्याला भाव येत नाही.

दुसरी गोष्ट, वाढदिवस काही एकदाच येत नाहीत. कंपनीची स्थापना १८६० ची. म्हणून २०२० मध्ये १६० वर्षांची चंदेरी कॅरेरा आली, १,८६० नग, तीही जुन्या २४४७ वरूनच. त्याच वर्षी मॉन्ट्रियल नावाची आणखी एक, १,००० नग. २०२३ च्या जानेवारीत तुमची साठीची, ६०० नग. आणि त्यानंतर दोन-अडीच महिन्यांत, त्याच वर्षीच्या जिनिव्हाच्या प्रदर्शनात, ३९ मिलिमीटरचीच, जुन्या वळणाच्या उंच काचेची, नव्या टीएच२०-०० यंत्राची 'ग्लासबॉक्स' कॅरेरा नियमित श्रेणीत दाखल झाली. पुढे चंदेरी-काळी पांडा जोडीही तिच्यात मिळू लागली. म्हणजे तुम्हाला जे रूप आवडलंय ते शोरूममध्ये, कितीही नगांत, वॉरंटीसकट उपलब्ध आहे. दुर्मीळ आहे तो फक्त आकडा. तुम्ही आकड्यासाठी किती जास्त देताय, हे त्या विक्रेत्याला नको, अधिकृत शोरूमला फोन करून नियमित पांडाची किंमत विचारून बघा. तो फरक कागदावर लिहा. पत्रात तुम्ही पांडाबद्दल, कड्याबद्दल, बटणाच्या आवाजाबद्दल लिहिलंय. नंबराबद्दल अक्षरही नाही.

मित्रानं तुम्हाला हॉलिवूडचा नट पॉल न्यूमन याच्या रोलेक्स डेटोना घड्याळाची गोष्ट ऐकवली असणार. सगळे ऐकवतात. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ती १ कोटी ७७ लाख डॉलरला गेली, हे खरं आहे. गंमत अशी की तिच्यातलं यंत्रही वालजू ७२ च्याच घराण्यातलं, तुमच्या जुन्या कॅरेराचं सख्खं भावंड. आत इंजिन एक, आणि भावात आभाळ-जमिनीचा फरक. म्हणजे भाव यंत्राला मिळत नाही, नावाला आणि मालकाला मिळतो. तुमचं-माझं नाव त्या यादीत नाही.

आणि हल्लीचीच गोष्ट घ्या. कोविडच्या काळात जगभर लोक घरी बसून घड्याळं घेत होते, २०२२ च्या सुरुवातीला सेकंडहँड बाजार शिखरावर होता. ज्या दोन-चार स्विस नावांसाठी शोरूमबाहेर वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी असते, त्यांचेही भाव त्यानंतर दोन वर्षं उतरत राहिले. माझ्या एका अशिलानं त्या शिखरावरच एक घेतलं. त्यानं अजून विकलेलं नाही, त्यामुळे तो मला 'नुकसान झालेलंच नाही' असं सांगतो. टॅग ह्यूअर तर त्या प्रतीक्षायादीच्या गटात नाही. या कंपनीची बहुतेक घड्याळं शोरूमच्या बाहेर पडली की किमतीखाली येतात. सेकंडहँड घेणाऱ्यासाठी ही चांगली बातमी, गुंतवणूक म्हणणाऱ्यासाठी वाईट.

एक साधी चाचणी सांगतो. विक्रेत्याला आजच विचारा, "हेच घड्याळ मी पुढच्या महिन्यात, न वापरता, परत आणलं तर तुम्ही कितीला घ्याल? व्हॉट्सॲपवर लिहून द्या." जो आकडा येईल ती तुमच्या 'गुंतवणुकी'ची खरी किंमत. मला पंधरा टक्के कमी धरू द्या, कदाचित जास्तच असेल. आता दहा वर्षांनी मुदत ठेवीइतकं, सात टक्क्यांनी, तुमच्या हातात पडायला हवं असेल तर ७ लाख ६० हजारांचे जवळपास १५ लाख व्हायला हवेत. विक्रेत्याचे पंधरा टक्के धरले तर बाजारभाव साडेसतरा लाखांच्या वर हवा. मध्ये क्रोनोग्राफच्या, म्हणजे स्टॉपवॉच असलेल्या अशा घड्याळाच्या, दोन सर्व्हिस येणार, प्रत्येक पाच आकडी. साधं तीन काट्यांचं घड्याळ आणि क्रोनोग्राफ यांच्या सर्व्हिसचा खर्च एक नसतो, कारण क्रोनोग्राफ म्हणजे एका केसमध्ये दोन घड्याळं. हा सगळा हिशेब मांडून मित्राला विचारा, साडेसतरा लाखांचं गिऱ्हाईक कोण.

तुमच्या विरुद्ध वाहणारा आणखी एक वारा आहे, तो फारसा कुणी बोलत नाही. भारत आणि युरोपातल्या चार देशांचा, ज्यात स्वित्झर्लंड आहे, व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालाय. स्विस घड्याळांवरचं २० टक्के मूळ सीमाशुल्क त्यात सात वर्षांत टप्प्याटप्प्यानं शून्यावर यायचंय. कंपन्या सगळाच फायदा आपल्याला देतील असं मी म्हणत नाही. शिवाय स्विस फ्रँक महागतो: २०२३ च्या सुरुवातीला तो नव्वद रुपयांच्या आसपास होता, २०२५ मध्ये शंभरी ओलांडून गेला. तरीही दरवर्षी एकेक पायरी खाली उतरणारं शुल्क नव्या घड्याळांच्या किमती धरून ठेवणार, आणि नवं स्वस्त झालं की सेकंडहँडला वर जायला जागा उरत नाही. आज घाई करण्याचं कारण विक्रेत्याकडे आहे, तुमच्याकडे नाही.

कराचं थोडक्यात. स्टीलचं, स्वतः वापरायचं मनगटी घड्याळ सहसा वैयक्तिक वापराची वस्तू धरलं जातं. विकून नफा झाला तर भांडवली नफ्याचा प्रश्न सहसा येत नाही, पण तोटा झाला तर तोही कुठे वजा करता येत नाही. कपाटात बंद ठेवून 'गुंतवणूक होती' म्हणालात तर हा बचाव तुम्हीच लंगडा करता. दहा लाखांवरच्या घड्याळांच्या विक्रीवर एप्रिल २०२५ पासून एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्यानं गिऱ्हाइकाकडून गोळा करायचा कर, आहे. तुमचं त्याखाली आहे, सोडून द्या.

सोडून द्यायची नाही ती गोष्ट पत्राच्या शेवटी तुम्ही कंसात लिहिलीय: रोख दिले तर तो तीस हजार कमी करतोय. हे करू नका. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख एका व्यवहारात घेणं कायद्यानं मना आहे आणि घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. तो त्याचा प्रश्न झाला. तुमचा प्रश्न असा की बिल नसेल तर चोरीनंतर विमा कंपनीला काय दाखवणार, खोटं निघालं तर ग्राहक आयोगात कशाच्या जोरावर जाणार, आणि उद्या विकताना पुढचा माणूस 'बिल कुठंय' म्हणाला तर काय सांगणार. तीस हजारांच्या सवलतीत तुम्ही स्वतःचेच हात बांधून घेताय. घड्याळ घ्यायचंच ठरलं तर बँकेतून पैसे, पक्कं बिल, कार्डावरचा आणि केसवरचा नंबर जुळलेला, आणि पैसे देण्याआधी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये उघडून दाखवलेलं. विक्रेता यातल्या एकालाही नाही म्हणाला तर चाळीस हजारांवर पाणी सोडून निघून या. वॉरंटी कार्डावरची तारीखही बघा. २०२३ मधली विक्री असेल तर वॉरंटी किती उरलीय हे त्याच्या तोंडून नव्हे, कार्डावरून वाचा.

आणखी एक. घरफोडीच्या साध्या विम्यात दागिने, घड्याळं आपोआप येतात असं बरेच जण धरून चालतात. भारत गृह रक्षासारख्या पॉलिसीत मौल्यवान वस्तूंसाठी वेगळं कव्हर मागून घ्यावं लागतं. गृहकर्जाबरोबर पॉलिसी घेतली असेल तर ती एकदा उघडून वाचा.

आता त्या सहा ओळी.

पगार १ लाख ६५ हजार. गृहकर्जाचा हप्ता ३३ हजार, अजून १३ वर्षं, बाकी ३१ लाख, दर ८.६ टक्के. एसआयपी २५ हजार. घरखर्च ७५ हजार. राहिले ३२ हजार, ते 'कुठे जातात कळत नाही' असं तुम्हीच लिहिलंय. आणीबाणीसाठी एफडी २ लाख ४० हजार. टर्म विमा एक कोटी. मुलगी आठवीत. आई ७१ वर्षांच्या, त्यांचा आरोग्य विमा तुमच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीतून.

मी तुमच्या जागी असतो तर मला झोप लागली नसती ती एफडी, टर्म विमा आणि आईंचा विमा या तीन गोष्टींमुळे. घरखर्च आणि हप्ता मिळून महिना १ लाख ८ हजार लागतात. म्हणजे तुमची एफडी सव्वादोन महिन्यांची आहे. वाहन उद्योगात तुम्ही वीस वर्षं आहात, मंदी आली की आधी कंत्राटी माणसं जातात आणि मग मॅनेजरांकडे बघितलं जातं, हे मी तुम्हाला सांगायला नको. नोकरी गेली की त्याच दिवशी आईंचा विमाही जातो. सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमध्ये पाच लाखांचं कव्हर ऑक्टोबर २०२४ पासून आहे. त्याचं कार्ड काढलंय का? नसेल तर या रविवारी काढा, त्याला पैसे पडत नाहीत. पण ते सगळ्या खासगी रुग्णालयांत चालत नाही. तुमच्या घराजवळचं कुठलं यादीत आहे ते आधीच बघून ठेवा.

एक कोटीचा टर्म विमा ऐकायला मोठा वाटतो. त्यातून ३१ लाख कर्ज फेडलं की ६९ लाख राहतात. ७५ हजारांच्या घरखर्चाला, महागाई न धरता, ते पावणेआठ वर्षं पुरतात. मुलगी तेव्हा एकवीस वर्षांची असेल. आणखी एक कोटीचा घ्या. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यांवरचा जीएसटी गेलाय. तीच पॉलिसी त्याआधी घेतली असती तर १८ टक्के जास्त गेले असते.

या पार्श्वभूमीवर ७ लाख ६० हजार दुसरीकडे काय करू शकतात, ते बघा. तेवढेच पैसे आज कर्जात भरले आणि हप्ता ३३ हजारांचाच ठेवला, तर १५६ महिन्यांचं कर्ज ९९ महिन्यांत संपतं. पावणेपाच वर्षं आधी. व्याज वाचतं सव्वाअकरा लाखांच्या आसपास. हा आकडा मी दोनदा तपासला, कारण मलाही तो मोठा वाटला. तुम्ही ५६ व्या वर्षी कर्जमुक्त होणार होतात, ते ५१ व्या वर्षी व्हाल. सगळे पैसे कर्जातच टाका असं मी सांगत नाहीये. घड्याळाची किंमत ७ लाख ६० हजार नसून काय आहे, ते दाखवतोय.

विक्रेत्यानं 'नो कॉस्ट ईएमआय'चा पर्याय दिलाय, म्हणजे बोनस तसाच राहील, असंही तुम्ही सुचवलंय. क्रेडिट कार्डाच्या अशा हप्त्यांत व्याज असतंच, ते फक्त सवलतीच्या नावानं आधी वजा केलेलं दाखवतात. त्या व्याजावरचा जीएसटी मात्र तुमच्याच बिलात येतो, शिवाय प्रोसेसिंग फी. आणि विक्रेता जर ईएमआयवर सवलत देऊ शकतो, तर एकरकमी बँक ट्रान्सफरवर तेवढी का देत नाही, हे विचारायला विसरू नका. हौसेला मोल नसतं म्हणतात. हप्ता असतो.

माझं उत्तर असं: हे घड्याळ, या किमतीला, या वर्षी घेऊ नका. कॅरेरा घेऊ नका असं मात्र मी म्हणणार नाही. वीस वर्षं डोक्यात असलेली वस्तू माणसानं कधीच घेऊ नये, अशा मताचा मी नाही. तसे सल्लागार आहेत, त्यांच्याकडे अशील टिकतात पण खरं बोलत नाहीत.

बोनसचे साडेनऊ लाख असे लावा. ४ लाख १० हजार आणीबाणीच्या एफडीत, म्हणजे ती सहा महिन्यांची होईल. नव्या टर्म पॉलिसीचा पहिला हप्ता आणि आईंच्या औषधपाण्यासाठी ४० हजार बाजूला. ३ लाख कर्जात, हप्ता कमी न करता मुदत कमी करा, बँकेला तसं लेखी सांगा. उरले २ लाख. ते वेगळ्या खात्यात ठेवा आणि त्या खात्याला काय नाव द्यायचं ते तुम्हाला माहीतच आहे. 'कुठे जातात कळत नाही' त्या ३२ हजारांतून महिना १२ हजारांची आवर्ती ठेव त्याच खात्याला जोडा. अडीच वर्षांनी तिथे, व्याजावरचा कर जाऊन, सहा लाखांच्या थोडे वर असतील. सीमाशुल्क तोवर आणखी पायऱ्या उतरलेलं असेल, मुलीची दहावी झालेली असेल आणि तुम्हाला कळलेलं असेल की हे घड्याळ अजून हवंय की नाही. हवं असेल तर शोरूममध्ये जाऊन नियमित पांडा घ्या, किंवा एखाद्यानं दोन वर्षं वापरून कमी भावात काढलेली. आणि घालून कारखान्यात जा. ओरखडे पडू द्या. तो जर्मन इंजिनिअर काही पांढरे मोजे घालून घड्याळ हाताळत नव्हता.

आवर्ती ठेव दहाव्या महिन्यात मोडलीत, तर तेही उत्तरच आहे.

अडीच वर्षं थांबवत नसेल आणि बटण दाबल्याचा 'टक्' तातडीनं हवा असेल, तर एक आडवाट सांगतो. चीनमधल्या टिआंजिनच्या सीगल कंपनीचा '१९६३' नावाचा क्रोनोग्राफ मिळतो, चिनी हवाई दलासाठी त्या काळात केलेल्या घड्याळाची पुनरावृत्ती. त्यातलं यंत्र स्वित्झर्लंडहून विकत घेतलेल्या व्हीनस १७५ या यंत्राच्या सामग्रीवरून पुढे आलेलं. चावी द्यायची, कॉलम व्हील, म्हणजे बटणाचा हुकूम यंत्राला पोचवणारं चाक, असलेला, आणि किंमत तुमच्या कॅरेराच्या विसाव्या हिश्श्याहून कमी. शौकीन नाक मुरडतील. मुरडू देत, नाक त्यांचं आहे. बनावटही फार फिरतात, तेव्हा जपून.

टोकनचं बोलायचं राहिलं. चाळीस हजार परत मिळणार नाहीत असं तो तोंडी म्हणालाय, पावतीवर काही लिहिलेलं नाही. आधी लेखी मागा. सर्व्हिस सेंटरमधल्या तपासणीची अट घाला, तिथे तो अडखळला तर टोकन परत मागायला तुमच्याकडे कारण आहे. इतकं करूनही नाहीच मिळालं, तर चाळीस हजार गेले समजा. तुमच्या पत्रातलं "नाहीतर टोकन फुकट जाईल" हे वाक्य मला सगळ्यात धोक्याचं वाटलं. चाळीस हजार वाचवायला सात लाख वीस हजार घालणं हा हिशेब तुम्ही कंपनीच्या पर्चेस मीटिंगमध्ये मांडलात तर लोक हसतील.

आणि वहिनी. पत्रावरून दिसतंय की त्यांना घड्याळाची किंमत माहीत आहे, टोकनचं माहीत नाही. त्या 'वेड लागलंय' म्हणाल्या ते किमतीवरून. मला वाटतं वेड लागलेलं नाही, हौस आहे, आणि ती घरात उघडपणे मांडली असती तर इतकी वेडसर दिसलीही नसती. टोकनचं त्यांना आज रात्री जेवणं झाल्यावर सांगा, विक्रेत्याचा फोन यायच्या आत. त्यानंतर वर लिहिलेली वाटणी त्यांच्यासमोर ठेवा, दोन लाखांच्या त्या खात्यासकट. त्यांच्याही डोक्यात वीस वर्षं काहीतरी असेल. त्या खात्याला दोन नावं लागतील कदाचित, मग अडीच वर्षांची चार होतील.

शेवटी बाबांच्या एचएमटीचं. तुम्ही एका ओळीत उरकलंत: ड्रॉवरमध्ये आहे, बंद आहे, डायल पिवळी पडलीय. जपानच्या सिटिझनच्या मदतीनं १९६१ मध्ये बंगळूरला सुरू झालेला तो घड्याळांचा कारखाना, त्याची कंपनी बंद करायचा निर्णय २०१६ मध्ये झाला, आणि मग अचानक सगळ्यांना 'जनता' आणि 'पायलट' ही त्यांची मॉडेलं आठवली. भाव चढला तसा जुन्या घड्याळांवर नव्या रंगाच्या तबकड्या चढवून विकण्याचा धंदाही वाढला. परदेशातले शौकीन अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि ते कौतुक नसतं. बाबांचं घड्याळ लक्ष्मी रोडच्या आसपासच्या एखाद्या जुन्या, हातानं काम करणाऱ्या कारागिराकडे न्या. साफसफाई, तेलपाणी, नवी काच लागली तर काच. एवढंच करायला सांगा. तो म्हणेल, साहेब डायल रंगवून देतो, नव्यासारखी दिसेल. रंगवू देऊ नका.